ऑलिव्हर इव्हान्स व त्याची पाणचक्की

दळण हें मनुष्याच्या अत्यंत जुन्या कष्टांपैकीं एक आहे. पहांटेच्या अंधारांत जात्याशीं बसून घामाघूम होणारी माउली ज्यांनीं पाहिली, किंवा जिच्याविषयीं आजीच्या तोंडून ऐकिलें, त्यांस हें निराळें सांगावयास नको. पवित्र शास्त्रांतील अनुवादाच्या पुस्तकांत जातें किंवा त्याची वरची तळी कोणीं गहाण घेऊं नये असा निर्बंध घातला आहे. कारण तसें करणें म्हणजे दुसऱ्याचा जीवच गहाण घेणें होय. हे कष्ट मनुष्यानें पुढें वाहत्या पाण्यावर सोंपविले. रोमन लोकांच्या काळीं पाण्याच्या चाकावर जातीं फिरत होतीं. आणि आपल्याकडे छत्रपती संभाजीनगर येथें, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशीं असलेली अठराव्या शतकांतील पाणचक्की आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल.

परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. पाणी फिरवी तें केवळ दगडास. धान्याचें पोतें खांद्यावर घेऊन माडीवर चढविणें, दळलेलें पीठ भरून पुन्हां वर नेणें, तें पसरणें, गोळा करणें, चाळणींत लोटणें, हीं सर्व कामें शेंकडों वर्षें मनुष्याच्याच पाठीवर राहिलीं. जें पाणी दगड फिरवितें तेंच पाणी पोतें कां उचलणार नाहीं, असा साधा प्रश्न ज्यानें स्वतःस विचारिला, आणि त्याचें उत्तर लांकूड, चामडें व लोखंड यांत घडवून दाखविलें, त्या ऑलिव्हर इव्हान्स नांवाच्या अमेरिकन कारागिराचें चरित्र येथें देण्याचें योजिलें आहे.

ऑलिव्हर इव्हान्स याचा जन्म ता. १३ सप्टेंबर १७५५ रोजीं डेलावेअर प्रांतांतील न्यूपोर्ट गांवीं झाला. बाप चार्ल्स इव्हान्स हा मूळचा चांभारकाम करणारा. पुढें त्यानें शेती केली. घरांत मुलें पुष्कळ, तेव्हां ऑलिव्हर यास कोंवळ्या वयांतच एका गाड्या व चाकें करणाऱ्या सुताराकडे उमेदवार म्हणून ठेवण्यांत आलें. शाळेचें शिक्षण बेताचेंच झालें होतें, पण वाचनाची भूक मोठी. मालक असा चिक्कू कीं, रात्रीं वाचावयास मेणबत्ती जाळूं देईना. तेव्हां हा पोरगा दिवसभर रंध्यानें निघालेला लांकडाचा भुसा व ढलप्या गोळा करून ठेवी आणि रात्रीं त्या पेटवून त्यांच्या उजेडांत गणिताचीं व यंत्रविद्येचीं पुस्तकें वाची.

ह्याच उमेदवारीच्या काळांतली एक गोष्ट इव्हान्स स्वतः पुढें सांगत असे. नाताळच्या दिवसांत शेजारच्या लोहाराच्या मुलांनीं एक गंमत केली. बंदुकीच्या नळीचें मागील छिद्र बंद करून त्यांनीं तींत थोडें पाणी ओतलें, वरून बोळा घट्ट ठोकून बसविला आणि नळीचें बूड लोहाराच्या भट्टींत धरिलें. थोड्याच वेळांत दारूचा बार उडावा तसा आवाज होऊन बोळा उडून गेला. इतर पोरें हंसून घरीं गेलीं. इव्हान्सच्या मनांत मात्र ही गोष्ट घर करून बसली. पुढें एका पुस्तकांत त्या काळच्या वाफेच्या यंत्राचें वर्णन त्याच्या वाचनांत आलें, तेव्हां त्यास आश्चर्य वाटलें तें हें कीं, शहाण्या लोकांनीं वाफेचा उपयोग केवळ ती निववून पोकळी करण्याकडे केला होता. तिच्या अंगच्या जोराकडे कोणी पाहिलेंच नव्हतें. ह्या विचारास फळ येण्यास तीस वर्षें लागलीं. तेवढ्यांत दळणाचें काम पुढें आलें.

इ. स. १७८२ मध्यें मेरीलंड प्रांतांत टकाहो येथें त्यानें भावाबरोबर एक दुकान काढिलें होतें. तेथें त्याचें लक्ष पिठाच्या गिरण्यांकडे लागलें. दुसऱ्या वर्षीं त्यानें सेरा टॉमलिनसन नांवाच्या एका शेतकऱ्याच्या मुलीशीं विवाह केला. पुढें भावांनीं मिळून न्यूपोर्टजवळ रेड क्ले नांवाच्या ओढ्यावर बापाच्या जमिनीचा कांहीं भाग घेतला व तेथें पाणचक्की बांधण्यास आरंभ केला. ती १७८५ सालीं चालूं झाली.

ह्या चक्कींत नवें काय होतें तें कळण्यासाठीं जुन्या चक्कींतील रीत अगोदर पाहिली पाहिजे. गाडींतून आलेलीं गव्हाचीं पोतीं मजूर पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावर नेत. तेथून दाणा दगडांच्या तोंडांत पडे. दगडांखालून निघालेलें पीठ गरम व ओलसर असे. तें तसेंच चाळूं गेल्यास चाळणीस चिकटून बसे, आणि तसेंच पिंपांत भरल्यास आंबून किडे. म्हणून तें टोपल्यांत भरून पुन्हां सर्वांत वरच्या माडीवर न्यावें लागे. तेथें एक पोऱ्या हातांत दंताळें घेऊन तें जमिनीवर पसरी, उलटसुलट करी, आणि निवल्यावर चाळणीच्या तोंडाशीं लोटी. ह्या पोऱ्यास त्या धंद्यांत हॉपर-बॉय असें म्हणत. त्याच्या पायांतील बुटांचा चिखल, अंगाचा घाम, जिन्यावरची धूळ, हें सर्व त्या पिठांत पडे. इव्हान्स यास मजुरीच्या खर्चाइतकीच ह्या घाणीचीही किळस होती. लोकांच्या पोटांत जाणारें अन्न असें पायाखालीं तुडविलें जावें हें त्यास पटेना.

त्यानें केलें तें असें. चामड्याच्या लांब पट्ट्यास ओळीनें लहान लहान डबे बसविले व तो पट्टा तळमजल्यापासून माळ्यापर्यंत उभा फिरता ठेविला. खालीं डबे भरत, वर जाऊन उपडे होत, आणि रिकामे होऊन पुन्हां खालीं येत. आडव्या वाटेनें धान्य किंवा पीठ पुढें नेण्यासाठीं एक लांब लांकडी दांडा घेऊन त्यावर मळसूत्राच्या वळणानें पाती बसविल्या. दांडा पन्हळांत फिरे तसतसें पीठ पुढें सरके. आणि त्या पोऱ्याच्या जागीं त्यानें सुमारें बारा फूट लांबीचें एक फिरतें दंताळें बसविलें. तें एका उभ्या दांड्याभोंवतीं सावकाश फिरून पीठ पसरी, हालवी, निववी आणि हळूहळू मध्याकडे ओढीत आणून चाळणीच्या भोकांत सोडी. नांवही त्यानें तेंच ठेविलें, हॉपर-बॉय. आणखी दोन साधनें होतीं, तीं धान्य खेंचून नेण्याचीं व उतरत्या वाटेनें पोंचविण्याचीं. त्यांचा विस्तार येथें नको. हीं सर्व एकाच पाण्याच्या चाकास जोडलेलीं. गाडींतून गहूं एका बाजूस ओतला कीं, मनुष्याचा हात न लागतां तो तोलला जाई, स्वच्छ होई, दळला जाई, निवे, चाळला जाई, आणि पीठ होऊन पिंपाच्या तोंडाशीं येई.

आजच्या वाचकास यांत विशेष वाटणार नाहीं, कारण आतां मोठमोठ्या कारखान्यांत जिन्नस असाच आपल्या पायांनीं चालत जातो. परंतु त्या काळीं सबंध कारखाना म्हणजे एकच यंत्र, अशी कल्पना करणारा मनुष्य विरळा होता. एकेक काम सोपें करणारे कारागीर पुष्कळ होते. इव्हान्सनें पाहिली ती एका कामापासून दुसऱ्या कामापर्यंतची वाट, आणि माझ्या मतें त्याची खरी थोरवी येथेंच आहे.

आतां लोकांनीं ह्याचें स्वागत कसें केलें तें ऐका. विल्मिंग्टन शहराजवळ ब्रँडीवाइन नदीवर अमेरिकेंतील नांवाजलेले गिरणीवाले होते. त्यांचें पीठ गलबतांत भरून दूरदेशीं जाई. इव्हान्सनें त्यांस आपली चक्की पाहण्याचें निमंत्रण केलें. ते आले तेव्हां चक्कींत मनुष्य कोणी नाहीं, आणि चक्की मात्र आपली चालली आहे. मालक शेजारच्या शेतांत गवत कापीत होता, अशी हकीकत सांगतात. इव्हान्सनें हें मुद्दामच योजिलें होतें. पाहुण्यांनीं सर्व पाहिलें, आणि परत जाऊन हा नुसता खडखडाट करणाऱ्या अडगळीचा बाजार आहे, शहाण्यानें त्याकडे पाहूं नये, असें मत दिलें. एवढेंच नव्हे. इव्हान्सचा एक भाऊ प्रांतोप्रांतीं हिंडला व प्रत्येक जिल्ह्यांत जो पहिला गिरणीवाला हीं साधनें बसवील त्याजकडून कांहींही घेणार नाहीं असें सांगूं लागला. तरी कोणी पुढें येईना. फुकट मिळणारी वस्तु लोकांस खोटी वाटते, असा तर हा प्रकार नसेल ना?

शेवटीं धीर केला तो मेरीलंडमधील पटॅप्स्को नदीवरील एलिकॉट बंधूंनीं. त्यांच्या मोठ्या गिरण्यांत हीं साधनें बसलीं, आणि मजुरींत मोठी बचत होऊन पीठही अधिक व चांगलें निघूं लागलें, तेव्हां ब्रँडीवाइनवाल्यांचेही डोळे उघडले. दरम्यान इव्हान्सनें एकेका प्रांताकडून हक्क मिळविले होते. सर्व संयुक्त संस्थानांसाठीं पेटंटचा कायदा १७९० सालीं झाला, आणि त्याच वर्षीं ता. १८ डिसेंबर रोजीं इव्हान्स यास पेटंट मिळालें. तें त्या देशाचें केवळ तिसरें पेटंट. त्या काळीं अर्जांची तपासणी करणाऱ्या मंडळांत टॉमस जेफरसन हा होता; हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें, तें पुढें पुन्हां येणार आहे.

अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यानें माउंट व्हर्नन येथील आपल्या शेतवाडीवर डोग रन ह्या ओढ्याकांठीं १७७१ सालीं चक्की बांधिली होती. त्यानें १७९१ मध्यें इव्हान्सकडून परवाना घेऊन तींत हीं साधनें बसवून घेतलीं. देशाचा अध्यक्ष गिऱ्हाईक झाला, ही कारागिरास लहान गोष्ट नव्हे. तरी घरीं चूल पेटण्याची पंचाईत होती ती होतीच.

याचें कारण इव्हान्सनें हातीं घेतलेला एक ग्रंथ. फिलाडेल्फिया शहरीं बिऱ्हाड केल्यावर त्यानें चक्की बांधणाऱ्या सुतारांसाठीं व चक्की चालविणाऱ्यांसाठीं एक मोठें पुस्तक लिहावयास घेतलें. पाण्याचा जोर कसा मोजावा, चाकाचा व्यास किती ठेवावा, दातेरी चाकें कशीं जुळवावीं, दगडास टाकी कशी लावावी, हें सर्व त्यांत आकृत्यांसह यावें अशी त्याची इच्छा. शाळेंत फारसा न शिकलेला हा सुतार तीन वर्षें गणित घोंटीत बसला. त्या तीन वर्षांत केंस पांढरे झाले, असें तो स्वतःविषयीं सांगे. गांठीं पैसा उरला नाहीं. तेव्हां त्याच्या पत्नीनें, मुलांच्या तोंडीं भाकर पडावी म्हणून, स्वतःच्या हातांनीं कातलेल्या सुताचें जाडेंभरडें कापड विकलें. हें पुस्तक १७९५ सालीं निघालें. त्याचा एक भाग टॉमस एलिकॉट यानें लिहिला होता. पुढें १८६० पर्यंत त्याच्या पंधरा आवृत्त्या निघाल्या, आणि दोन पिढ्यांतील चक्कीवाल्यांनीं तें हाताशीं ठेविलें. आवृत्त्यांची संख्या सर्व चरित्रकार सांगतात. सेराबाईंच्या कापडाचा उल्लेख सहसा एका ओळींत उरकतात. मला ह्या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबांत मांडाव्याशा वाटतात.

वाफेच्या यंत्राचें त्याचें काम वेगळ्या लेखाचा विषय आहे, म्हणून येथें थोडेंच सांगतों. भारी दाबाच्या वाफेवर चालणारें लहानसें यंत्र त्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं फिलाडेल्फियांत उभें केलें व त्यावर चिरोडी दळून दाखविली. इंग्लंडांत रिचर्ड ट्रेव्हिथिक हाही त्याच सुमारास ह्याच वाटेनें चालला होता. १८०५ मध्यें शहराच्या आरोग्यमंडळासाठीं त्यानें बंदरांतील गाळ काढणारी एक वाफेची होडी केली. ती कारखान्यापासून नदीपर्यंत न्यावयाची होती, म्हणून तिला चाकें लावून तिच्याच वाफेनें रस्त्यांतून चालविली असें त्याचें म्हणणें. इतिहासकार ह्या गोष्टीकडे संशयानें पाहतात. गाळ काढण्याच्या कामीं तर तिचा उपयोग झाला नाहींच. त्याच वर्षीं छापिलेल्या एका पुस्तकांत, बाष्पाचा उपयोग करून पाणी थंड करून बर्फ करितां येईल अशी युक्ति त्यानें वर्णिली. ती इतरांनीं पुढें प्रत्यक्षांत आणिली.

आतां कडू भाग. पेटंटची मुदत चौदा वर्षांची. ती १८०४ च्या अखेरीस संपली. तोंपर्यंत बहुतेक गिरणीवाल्यांनीं साधनें बसविलीं होतीं, पण पैसे देण्याची टाळाटाळ चालली होती. इव्हान्सनें कायदेमंडळापुढें गाऱ्हाणें नेलें, व १८०८ च्या जानेवारींत त्याच्या एकट्यासाठीं खास कायदा होऊन त्यास आणखी चौदा वर्षें हक्क मिळाला. त्या कायद्यावर सही करणारा अध्यक्ष जेफरसनच. हक्क हातीं येतांच इव्हान्सनें परवान्याचा दर पूर्वीपेक्षां कितीतरी वाढविला. मधल्या तीन वर्षांत, हक्क संपला असें समजून, ज्यांनीं प्रामाणिकपणें साधनें बसविलीं होतीं, त्यांजकडूनही पुढील वापराबद्दल त्यानें पैसे मागितले. १८१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही ही मागणी उचलून धरिली. कायद्यानें तो जिंकला, परंतु गांवोगांवच्या चक्कीवाल्यांच्या मनांतून उतरला. ज्यानें एके काळीं फुकट देऊं केलें, त्यानेंच पुढें असा हट्ट धरावा याचें वाईट वाटतें. पण वीस वर्षें ज्याचें घेऊन ज्यास कोणीं दिलें नाहीं त्याच्या स्वभावास धार चढली, हेंही समजण्यासारखें आहे. त्याची बाजू न्यायाची होती. वसुलीची रीत मात्र कठोर होती.

बाल्टिमोर येथील गिरणीवाल्यांनीं १८१३ सालीं ह्या हक्काविरुद्ध ओरड केली, तेव्हां जेफरसनचें मत विचारण्यांत आलें. त्यानें एक लांबलचक पत्र लिहिलें. त्यांतील मुद्दा आपणां भारतीयांस मोठा मौजेचा वाटेल. इव्हान्सचा डब्यांचा पट्टा कांहीं नवा नव्हे, असें जेफरसन म्हणतो. पूर्वेकडील देशांत विहिरीवर दोरास गाडगीं बांधून पाणी वर काढण्याची जी जुनी रीत आहे तीच ही. म्हणजे आपलें रहाटगाडगें! पाण्याऐवजीं त्यांत गहूं घातला म्हणून तें नवें होत नाहीं. मळसूत्र तर आर्किमिडीझ याच्या नांवानें दोन हजार वर्षें चाललेलें आहे. शिवाय ज्ञान हें दुसऱ्यास दिल्यानें आपल्याजवळचें कमी होत नाहीं, म्हणून त्यावर निसर्गतः कोणाची मालकी असूं शकत नाहीं. समाजानें आपल्या सोयीसाठीं ती दिली तर दिली, असाही त्याचा विचार होता.

युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि डबे व मळसूत्र यांपुरता तो खराही आहे. परंतु रहाटगाडगें शेंकडों वर्षें फिरत होतें, मळसूत्रही फिरत होतें, चक्कीही फिरत होती. तिन्ही एकत्र बांधून गव्हाचें पोतें मनुष्याच्या पाठीवरून उतरविण्याचें कोणास सुचलें? अक्षरें सर्वांचीं असतात म्हणून पत्र लिहिणाराचें श्रेय जात नाहीं. जेफरसनसारख्या विद्वानास हें दिसलें नसेल असें नाहीं. आपल्या चक्कीबद्दल त्यानें स्वतः इव्हान्सचे पैसे चुकते केले होते, हेंही येथें सांगणें उचित आहे.

खटल्यांनीं इव्हान्स जर्जर झाला. १८०९ च्या सुमारास न्यायालयांतील वारे उलटे वाहूं लागल्याचें पाहून तो इतका चिडला कीं, घरीं येऊन बायकामुलांच्या समोर त्यानें आपले नवे शोध, आकृत्या व टिपणें अग्नींत टाकिलीं. मुलांनीं तरी पुन्हां ह्या शोधांच्या नादास लागूं नये, असा त्याचा हेतु होता. त्या कागदांत काय काय होतें तें आतां कोणास कळावयाचें नाहीं. स्वतः मात्र तो काम सोडून बसला नाहीं. फिलाडेल्फियांतील त्याचा मार्स नांवाचा ओतीव कारखाना चालूं राहिला, आणि पिट्सबर्ग येथें त्याच्या मुलाच्या देखरेखीखालीं दुसरा निघाला.

सेराबाई १८१६ सालीं वारल्या. दोन वर्षांनीं इव्हान्सनें न्यूयॉर्क येथील हेटी वॉर्ड हिच्याशीं दुसरा विवाह केला. १८१८ मध्येंच सर्वोच्च न्यायालयानें ईटन नांवाच्या गिरणीवाल्यावरील खटल्यांत त्याच्या बाजूनें निर्णय दिला. तो आनंद वर्षभरही टिकला नाहीं. ता. ११ एप्रिल १८१९ रोजीं मार्स कारखान्यास आग लागली. एका नाराज उमेदवारानें ती लाविली असें म्हणतात. ही बातमी न्यूयॉर्कमध्यें त्याच्या कानीं पडली तेव्हां तो आजारीच होता. त्यास झटका आला व ता. १५ एप्रिल रोजीं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें. त्याचें दफन तेथील झायन चर्चच्या आवारांत झालें. पुढें शहर वाढत गेलें तसतसे त्याचे अवशेष हालविले गेले, आणि आतां ते ट्रिनिटी स्मशानभूमींत, नांवाचा दगड नसलेल्या एका सामाईक थडग्यांत आहेत.

ईटनचा खटला त्याच्या मागें पुन्हां त्याच न्यायालयापुढें आला. १८२२ सालीं निकाल उलट लागला: हॉपर-बॉय हें अगोदरच्या कोणाच्या तरी साधनाची सुधारणा असेल तर आपली सुधारणा नेमकी कोणती हें अर्जांत सांगितलें नव्हतें, म्हणून तेवढें पेटंट टिकत नाहीं, असें ठरलें. तोंपर्यंत ओहायोपासून व्हर्जिनियापर्यंत ओढ्यांच्या कांठीं त्याच्या रीतीच्या चक्क्या चालूं होत्या.

वॉशिंग्टनची चक्की १८५० च्या सुमारास पाडण्यांत आली. तिचे दगड लोकांनीं उचलून नेले. व्हर्जिनिया राज्यानें १९३२ सालीं त्याच पायावर ती पुन्हां बांधिली, आणि २००२ पासून ती पुन्हां पाण्यावर फिरते. पाहावयास येणाऱ्या मुलांस तेथें प्रथम खालीं पाण्याचें चाक दाखवितात, मग दगड, मग गहूं वर नेणारे डबे. आणि माडीवर तें लांकडी दंताळें पिठांतून सावकाश फिरत असतें.